हरवलेले दोन मिली: जुन्या डिझेल गाडीच्या हायड्रॉलिक क्लचच्या नोंदी

गाडी २००३ सालची, डिझेल, मागच्या चाकांवर चालणारी, घरची. मास्टर सिलिंडर पेडलच्या समोर बॉनेटखाली, स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या अंगाला बाहेरून दोन बोल्टांवर. पेडल दाबलं की मास्टर ऑईल ढकलतो, ते पाईप नि होजमधून स्लेव्हला जातं आणि स्लेव्हचा रॉड बाहेर येऊन क्लच सोडवतो. क्लचच्या ऑईलची डबी ब्रेकपासून वेगळी. स्लेव्ह असा बाहेर असलेल्या कुठल्याही गाडीला पुढचं बहुतेक सगळं लागू पडेल. ज्यांचा स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत, क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगभोवती बसवलेला असतो, त्यांना मोजमापाचा भाग कामाचा नाही, कारण मोजायला बाहेर काही दिसतच नाही. मी राहतो बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी रस्त्याला, आणि कामाला बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर. त्यामुळं व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं हत्यार) हाताशी असतो आणि नोंदींत आकडे जरा जास्त आलेत.

१ जून २०२५, रविवार

लक्षणं अशी. सकाळी गाडी चालू केली की रिव्हर्स लागत नाही, कर्र करून परत येतो. पेडल लागोपाठ दोनदा मारलं की मुकाट लागतो. गाडी तापली की पहिलाही अडतो. गोगटे सर्कलला पेडल तळापर्यंत दाबून उभं राहिलं तरी गाडी हळूच पुढं सरकायला बघते.

गॅरेजवाल्या मामांनी एक चक्कर मारली आणि निकाल दिला, "प्लेट गेली. गिअरबॉक्स उतरवूया की, दोन दिवसांत देतो." क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी धरून साडेअकरा हजार.

मामांचा हात चांगला आहे, पण हे पटलं नाही. प्लेट झिजली की क्लच घसरतो. चढाला इंजिन ओरडतं आणि गाडी तिथंच. माझा क्लच धरतो व्यवस्थित, सुटत नाही. आणि पेडल दोनदा मारून जो दोष जातो तो प्लेटचा कसा? तो ऑईलच्या वाटेतला. साडेअकरा हजार खिशात ठेवले.

८ जून, रविवार

मिरग लागला आणि पावसानं लगेच हजेरी लावली. गाडी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये घेतली, मागच्या चाकांना ओंडके लावले, पुढची बाजू लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) चढवली. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही.

पुतण्याला पेडलवर बसवलं आणि दोन मापं घेतली. पेडल पूर्ण दाबल्यावर मास्टरचा रॉड किती आत जातो: २४ मिमी. त्याच वेळी स्लेव्हचा रॉड किती बाहेर येतो: ८ मिमी.

दोन्ही सिलिंडरच्या अंगावर बोअर (आतला व्यास) ओतलेलं असतं, मळ खरवडला की दिसतं. मास्टर ५/८ इंच म्हणजे १५.८७ मिमी, स्लेव्ह १३/१६ इंच म्हणजे २०.६४. क्षेत्रफळ १९८ आणि ३३५ चौरस मिमी. या हिशोबानं मास्टर २४ सरकला की स्लेव्ह १४ च्या आसपास सरकायला हवा. सुरुवातीची, डबीकडचं बारीक भोक (पोर्ट) झाकेपर्यंतची चाल वजा केली तरी साडेतेरा. मिळतात आठ. गेलेले साडेपाच-सहा मिलिमीटर गुणिले ३३५, म्हणजे जवळपास दोन हजार घन मिमी. दोन मिली ऑईल. दर वेळी पेडल दाबलं की एवढं ऑईल काम न करता कुठंतरी जातंय.

जायला वाटा चारच. लाईनमध्ये हवा असेल तर ती दबते. मास्टरचा रबरी कप सैल असेल तर ऑईल त्याच्या कडेनं मागं निसटतं. स्लेव्हचा कप गेला असेल तर बाहेर गळतं. नाहीतर मधला रबरी होज फुगतो. स्लेव्हच्या तोंडावरचं रबरी बूट (टोपण) उलटून पाहिलं: कोरडं, आत नुसती लाल माती. केबिनमध्ये पेडलच्या वरही ओल नाही, रंग उडालेला नाही. बाहेर काहीच गळत नाही, हे आधी नक्की केलं.

१५ जून, रविवार

आज हवा काढली. स्लेव्हचं हवा काढायचं निप्पल गंजून बसलेलं. आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवला होता, तरी सहा कोनांच्या रिंग पान्यानं जपून, आधी थोडं आवळून मग सोडवावं लागलं. त्याला उघडा पाना लावायचाच नाही. निप्पल तुटलं तर स्लेव्हच बदलायची वेळ येते. नवीन निप्पल ६० रुपये, टाकून दिलं.

नळी म्हणून मेडिकलमधली सलाईनची नळी. पारदर्शक असते, निप्पलवर घट्ट बसते आणि बुडबुडे दिसतात.

बाहेर आलेलं ऑईल काळं कुळकुळीत. शंका आली की गोव्याच्या वाटेवर कुणीतरी इंजिन ऑईल ओतलं असेल. घरबसल्या तपासायचं तर काचेच्या ग्लासात पाणी घ्यायचं आणि दोन थेंब टाकायचे. ब्रेक ऑईल (क्लचमध्येही तेच असतं) पाण्यात मिसळतं, इंजिनचं किंवा स्टिअरिंगचं ऑईल तरंगतं. माझं मिसळलं, वर तवंग नाही. म्हणजे काळेपणा कपाच्या झिजलेल्या रबराचा. तरंगलं असतं तर डबीच्या झाकणातल्या रबरापासून होजपर्यंत सगळंच रबर बदलावं लागलं असतं, कारण तसल्या ऑईलमध्ये हे रबर फुगतं.

नेहमीसारखं दाबा-धरा-सोडा करून ८ चे ९ झाले आणि तिथंच थांबले. नळीत बुडबुडा दिसेना, पण पेडल अजून स्पंजासारखं. मग स्लेव्हचे दोन बोल्ट काढले, होज तसाच जोडलेला ठेवून स्लेव्ह वळवला, निप्पल सगळ्यात वर येईल असा धरला आणि रॉड हातानं हळूहळू पूर्ण आत दाबला. बॉनेटकडून पुतण्या ओरडला, "काका, डबीत बुडबुडे!" स्लेव्ह जागेवर असताना कोपऱ्यात अडकलेली हवा निप्पलपर्यंत येतच नव्हती.

स्लेव्ह सुटा असताना पेडलला कुणी हात, पाय, काही लावायचं नाही. पिस्टन सुटून बाहेर पडतो आणि ऑईल तोंडावर येतं. मी सीटवर पाटी ठेवली होती.

परत बसवून मोजलं: साडेदहा. दोनापैकी पाऊण मिली सापडलं. रिव्हर्स सकाळी अजून कुरकुरतो.

१८ जून, बुधवार

कामावरून आल्यावर एकच तपासणी. पेडल दाबलं आणि सीट नि पेडलच्या मध्ये लाकडी दांडा अडकवून ठेवला. खाली जाऊन स्लेव्हचा रॉड पाहत बसलो. साडेदहावरून मिनिटभरात सातवर आला. बाहेर एक थेंब नाही, डबीतली पातळी तीच. म्हणजे ऑईल मास्टरच्या कपाला वळसा घालून परत डबीत जातंय. सिग्नलला गाडी का सरकायची, त्याचं उत्तर मिळालं.

या तपासणीला पैसे लागत नाहीत आणि गाडी खोलावी लागत नाही. गिअरबॉक्स उतरवा म्हणणाऱ्याला आधी ही करून दाखवायला सांगा.

२२ जून, रविवार

मास्टर काढला. पाईपचा १० चा नट उघड्या पान्यानं गोल होतो; पाईपचे नट धरणारा फ्लेअर पाना नसेल तर कुणाचा तरी मागून आणा. खाली जाड कापड अंथरलं होतं, तरी फेंडरवर थेंब पडलाच. ब्रेक ऑईल रंग खातं. पुसत बसायचं नाही, लगेच पाणी ओतायचं.

कारखान्यातून बोअर आतून मोजायचा टेलिस्कोपिक गेज आणला होता. तळाशी, जिथं कप पोचतच नाही, तिथं बोअर १५.८८. जिथं कप रोज घासतो तिथं १५.९६. आणि खालच्या अंगाला गंजाचा खड्डा, नख अडकतं. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आमच्याकडं चार महिने हवेत पाण्याशिवाय दुसरं असतं काय. हे ऑईल किती वर्षं बदललं नव्हतं ते घरात कुणालाच सांगता येईना.

खड्डा असलेल्या बोअरमध्ये नव्या कपांचं किट टिकत नाही हे ठाऊक होतं, पण रविवारी मास्टर कुठं मिळणार? १९० रुपयांचं रबर किट आणलं, बोअरवर बारीक पॉलिश पेपर ब्रेक ऑईलमध्ये बुडवून फिरवला, कप बसवले. बॉडी बिडाची होती म्हणून पेपर फिरवला. अॅल्युमिनियमची असेल तर पेपर लावू नका, वरचा कडक थर जातो आणि पुढं कप खाल्ला जातो.

२६ जून, गुरुवार

किट गेलं. दांडा लावून पाहिला, रॉड परत खाली. खड्ड्यानं नव्या कपाची ओठाची कड फाडली असणार.

कारखान्यातला सोबती म्हणाला, "स्लीव्ह मारूया की, अर्ध्या तासाचं काम." म्हणजे बोअर मोठं करून आत नवी नळी बसवायची. हात शिवशिवले, खोटं कशाला बोलू. पण मास्टरमध्ये डबीकडून येणारं एक भोक मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. स्लीव्ह घातली की ते नव्यानं पाडायचं, आणि आतल्या बाजूला त्याची बर (धारदार कड) राहिली की प्रत्येक दाबाला कप कापला जाणार. नवा मास्टर १,७५० ला मिळतो. एवढ्यासाठी कशाला?

२९ जून, रविवार

बेळगावात दुकानदारानं काढून दिलेला मास्टर हुबेहूब तोच दिसला, बोल्टही जुळले. अंगावर मात्र ३/४ लिहिलेलं. तो बसला असता आणि चालही वाढली असती. पण ३/४ म्हणजे १९.०५ मिमी, क्षेत्रफळ २८५. पेडल जवळपास दीडपट जड झालं असतं आणि प्रेशर प्लेटची बोटं गरजेपेक्षा जास्त दाबली गेली असती. दुकानदार म्हणाला, "सगळे हेच लावतात की ओ." लावत असतील. परत केला आणि ५/८ चा कोल्हापूरहून मागवला. आज बसवला.

कोरड्या मास्टरमध्ये पेडल मारून ऑईल चढत नाही, पाय दुखतात फक्त. जनावरांच्या औषधांच्या दुकानातून ५० मिलीची सिरिंज आणली. स्लेव्हच्या निप्पलला सलाईनची नळी, नळीला सिरिंज, आणि खालून वर सावकाश ऑईल ढकललं. हवेला वर जायचंच असतं, तिच्या वाटेनं तिला जाऊ दिलं. डबी भरून सांडणार नाही एवढं बघायला वर माणूस हवा. एकट्यानं होत नाही.

ऑईल डॉट ४ (ब्रेक ऑईलची प्रत), सीलबंद बाटली. अर्धी वापरून कपाटात ठेवलेली बाटली वापरायची नाही.

मोजलं: साडेअकरा. दांडा लावून पाच मिनिटं थांबलो, रॉड हलला नाही. मास्टरचा विषय संपला. पण साडेतेरा नाहीतच. अजून दोन मिलिमीटर, म्हणजे पाऊण मिलीच्या आसपास, येणं आहे.

६ जुलै, रविवार

आषाढी. आई शेजाऱ्यांच्या गाडीतून पंढरपूरला गेली. घरी गाडी असून दुसऱ्याच्या गाडीत बसावं लागलं, हे मला बरेच दिवस ऐकायचं आहे.

गळती नाही, हवा नाही, उरला होज. बाहेरून ठीकठाक, एक चीर नाही. पुतण्यानं पेडल दाबलं तेव्हा मी होज मुठीत धरला होता. खालच्या क्रिम्पजवळ (दाबून बसवलेल्या टोकाजवळ) तो हाताला जाणवेल इतका फुगला. व्हर्नियर लावला: मोकळा असताना १२.९, दाबल्यावर १३.६, आणि ही फूग दोनेक इंच लांब. कागदावर मांडलं तर सातशे घन मिमीच्या वर जातं. पाऊण मिली तिथं होतं.

आमच्या भागात हायड्रॉलिक होज क्रिम्प करून देणारे भरपूर. उद्यमबागेत प्रेसचं नि पॉवर पॅकचं काम चालतं, त्यामुळं हवा तसा होज तासाभरात हातात. अनेकांनी तोच सुचवला, दाबाला दहापट भारी असतो म्हणून. दाबाला भारी असेलही, पण त्याच्या आतलं रबर मिनरल ऑईलसाठी केलेलं नायट्राइल असतं. ब्रेक ऑईलमध्ये ते फुगतं आणि त्याचे तुकडे सुटून पुढं जातात. तुमच्याही गावात असं दुकान असेल तर होज पक्का की कच्चा हे विचारण्याआधी आतलं रबर कुठलं ते विचारा. ब्रेक-क्लचसाठीचाच होज घ्यायचा.

१३ जुलै, रविवार

होज आला, ४२० रुपये. तांब्याचे वॉशर नवे, ४० रुपये; जुने परत लावले की तिथून पाझरतं. होज आवळताना पीळ पडू दिला नाही. अंगावरची पांढरी रेघ सरळ राहिली म्हणजे झालं.

मोजलं: १३.८. रिव्हर्स पहिल्याच दाबाला, आवाज न करता. जरा जास्तच चांगलं वाटलं. ५/८ च्या मास्टरकडून मी साडेतेराची अपेक्षा धरली होती, वरचं कुठून आलं हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता.

२० जुलै, रविवार

त्याचं उत्तर चोर्ल्याच्या घाटात मिळालं. गोव्यातल्या साखळीहून परत येताना धुकं, पाऊस, पुढं गाड्यांची रांग, सारखं अर्ध्या क्लचवर. निम्म्या घाटात क्लच घसरायला लागला. इंजिनचा आवाज चढतो, गाडी चढत नाही, करपलेला वास. मागच्या सीटवरून "आता प्लेट गेली बघ" असं ऐकू आलं.

बाजूला घेतली. पेडलला हात लावला तर अजिबात ढिलेपणा नाही, वरच कडक. खाली वाकून स्लेव्हचं निप्पल पाव फेरा सोडलं, चिळकांडी उडाली, आवळलं. गाडी लगेच पूर्वीसारखी ओढायला लागली. पेडलवर पाय नसताना लाईनमध्ये दाब कोंडला होता आणि तोच क्लच अर्धवट दाबून ठेवत होता.

घरी येऊन पाहिलं. नव्या मास्टरसोबत आलेला रॉड जुन्यापेक्षा तीन मिमी लांब. त्यामुळं पिस्टन पूर्ण मागं यायचा नाही आणि ते डबीकडचं बारीक भोक थंड असताना जेमतेम उघडं राहायचं. ऑईल तापून फुगलं की परत जायला वाट नाही.

लॉकनट सोडून रॉड आखूड केला. रॉड नि पिस्टनमध्ये एक मिमी मोकळीक, म्हणजे पेडलच्या टोकाला पाच-सहा मिमी सैल चाल. भोक उघडं आहे का ते बघायची साधी रीत: डबीचं झाकण काढायचं, एकानं पेडल अगदी थोडं दाबायचं, दाबताक्षणी डबीत छोटी उसळी दिसली पाहिजे. दिसली नाही तर भोक झाकलेलं. नवा मास्टर बसवला की हे त्याच दिवशी बघा. मोजमापात हा दोष उलट चांगला आकडा देतो.

आता माप १३.०. रिव्हर्स लागतो, सकाळी एखाद्या वेळी किंचित अडतो.

२७ जुलै, रविवार

अर्धा मिलिमीटर पेडलच्या पिनमध्ये होता. पेडल नि रॉड जोडणारी आठची पिन एका बाजूला ७.३ झालेली, पेडलचं भोकही लांबट. त्यात जाणारी चाल मास्टरपर्यंत पोचतच नव्हती. ईएन ८ पोलादाच्या रॉडमधून नवी पिन काढली, पेडलचं भोक रीम करून गनमेटलची बुश ठोकली. लेथ हाताशी नसेल तर कुठलाही टर्नर चहापाण्यात करून देईल. मास्टरचा रॉड आता २५ जातो, स्लेव्ह १३.६.

आजपर्यंतचा खर्च: मास्टर १,७५०, होज ४२०, फुकट गेलेलं किट १९०, ब्रेक ऑईलच्या दोन बाटल्या ४८०, निप्पल ६०, वॉशर ४०, सिरिंज नि नळी ११०. एकूण ३,०५० रुपये. वेळेचा हिशोब वेगळा. मास्टर, होज आणि पिन एका दमात तपासले असते तर हे दोन रविवारांचं काम होतं. पण पाऊस, वाट बघायला लावणारी दुकानं आणि आठवडाभराची ड्युटी.

१० ऑगस्ट, रविवार

दांडा लावून पाहिलं, रॉड स्थिर. डबीतली पातळी खुणेवर, ऑईल चहाच्या रंगाचंही झालेलं नाही. चोर्ल्याला परत जाऊन आलो, पेडलचा ढिलेपणा घाटाच्या वर नि खाली तोच.

मामांना आकडे दाखवले. ते म्हणाले, "मोजायला वेळ कुणाला असतोय? गिऱ्हाईक संध्याकाळी गाडी मागतंय." त्यांचंही खरं आहे.

चढावर रिव्हर्स घेताना गाडी थोडी थरथरते, ते अजून गेलेलं नाही. घाटात घसरल्यानं प्लेट चकाकून गुळगुळीत झाली असेल, किंवा इंजिन माउंटिंगचं रबर बसलं असेल. माउंटिंग खालून टॉर्च मारून दिसतं, तेव्हा ते आधी. स्लेव्हचं किट घेऊन ठेवलंय, १३/१६ चं. जुना कप अजून कोरडा आहे, पण तो मास्टरच्याच वयाचा. दिवाळीआधी बदलणार.